राजघराण्यांतील सोयरिकी आणि आपली घरे
(संस्थेच्या भोंगवली येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



युरोपातील राजेरजवाड्यांचे विवाह आणि कौटुंबिक जीवन या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संमेलनाच्या चालकांनी आज्ञा केली. मी कोणी इतिहाससंशोधक नव्हे. वाचनाची आवड असलेला आणि आयुष्यात बऱ्याच सोयरिकींच्या बैठकींना बसलेला एक सामान्य गृहस्थ आहे. आज्ञा ऐकून प्रथम मनात आले की, भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावी जमलेल्या कुटुंबांचा लंडन, माद्रिद, व्हिएन्ना येथल्या लग्नांशी काय संबंध? आपली चिंता आहे ती आपापल्या घरच्या उपवर मुलामुलींची. परंतु विषय वाचीत गेलो तसतसे लक्षात येऊ लागले की, ती घराणी दूरची असली तरी त्यांच्या बैठका फारशा निराळ्या नव्हत्या. तोच देण्याघेण्याचा वाद, तोच कुळाचा अभिमान. आणि जिचे लग्न तिला कोणी काही विचारीत नाही, हेही तसेच.

आरंभ मुंबईपासून करतो. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांची मुले पोटापाण्यासाठी मुंबईस गेली. ती मुंबई एके काळी हुंड्यात दिली गेली होती, हे आपण शाळेत शिकलो आहो. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांची सोयरीक ठरली. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध पाठीराखा हवा होता आणि चार्ल्सला पैसा हवा होता. तह झाला. त्यात वधूबरोबर आफ्रिकेतील तांजिअर शहर, हिंदुस्थानातील मुंबई बेट आणि वीस लक्ष क्रुझादो एवढी रोख रक्कम द्यावयाची ठरली. १६६२ च्या मे महिन्यात लग्न लागले. आणि मग आपल्याकडे लग्नानंतर जे होते तेच झाले. रोख रकमेचा मोठा भाग साखर, अन्य माल आणि हुंड्या यांच्या रूपाने इंग्लंडला पोहोचला. हुंड्यापोटी हुंड्या आल्या! मुंबई तर गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी लवकर सोडलीच नाही. ती १६६५ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या हाती आली. तीन वर्षांनी चार्ल्स राजाने तीच मुंबई वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

ही कथा आपण नेहमी मुंबईची म्हणून ऐकतो. कॅथरिनची म्हणून कोणी सांगत नाही. मुंबई तिने कधी पाहिली नाही. परक्या देशात, परक्या धर्मपंथात ती एकटी गेली; राजाची प्रजा प्रॉटेस्टंट, ही कॅथॉलिक. लग्नास काही महिने होतात न होतात तोच राजाने आपल्या उपस्त्रीला राणीच्या खास सेवेत नेमण्याचा हट्ट धरला; आणि ती समोर आणून उभी केली तेव्हा राणी मूर्च्छित झाली, असे त्या काळचे वृत्त आहे. तिला मूल झाले नाही. तिला दूर करावे असा आग्रह राजाला पुष्कळांनी केला. तेवढे मात्र त्याने केले नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. वैधव्यात ती मायदेशी परतली. आयुष्याच्या अखेरीस तिने पोर्तुगालचा राज्यकारभार सांभाळला आणि १७०५ साली ती मरण पावली. लग्नाच्या तहात जिचे मोल बेटांत व नाण्यांत झाले होते, तिच्या अंगी राज्य चालविण्याची योग्यता होती, हे कळण्यास चाळीस वर्षे लागली.

आता ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे वळू. सोयरिकी करून राज्य वाढविणारे म्हणून हे घराणे प्रसिद्ध होते. त्या घराण्यातील सम्राज्ञी मारिया थेरेसा स्वतः कर्तबगार स्त्री. तिला सोळा अपत्ये झाली. तिने नेपल्सच्या फर्डिनांड राजाशी आपल्या एका कन्येची सोयरीक योजिली. ती कन्या, योहाना, १७६२ साली देवीच्या रोगाने गेली. तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीला, योसेफाला, त्याच स्थळी नेमले. सर्व सिद्धता झाली, निघण्याचा समय आला, आणि १७६७ च्या ऑक्टोबरात तीही देवीनेच गेली. मग तिसरी बहीण, कॅरोलिना, १७६८ साली तेथे दिली गेली. नवरा तोच, तहही तोच, वधू मात्र एकामागून एक तीन! तिघींपैकी कोणाच्या मनात काय होते, हे त्या खलित्यांत कोठे नाही. आई प्रेमळ नव्हती असे मी म्हणत नाही. पण सम्राज्ञीपुढे आईचे काही चालले नाही.

तिचीच सर्वांत धाकटी कन्या मारिया आंतोनिया १७७० साली चौदाव्या वर्षी फ्रान्सच्या युवराजाला दिली गेली. ऱ्हाईन नदीतील एका बेटावर तिला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या प्रसंगी तिची माहेरची वस्त्रे उतरवून फ्रेंच वस्त्रे घालण्याचा विधी झाला. नावही फ्रेंच वळणाचे झाले, मारी आंत्वानेत. भगिनींनो, तांदळात नवे नाव लिहून ज्यांचे जुने नाव संपले, अशा आपल्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना हा विधी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्या नशिबी पुढे काय आले हे सर्वश्रुत आहे. १७९३ साली राज्यक्रांतीत तिचा शिरच्छेद झाला. आणि अखेरपर्यंत लोक तिला ‘ऑस्ट्रियाची बाई’ म्हणूनच हिणवीत राहिले.

कुळाच्या अभिमानाने घराणेच कसे बुडते, तेही पाहा. स्पेनमधील हाब्सबुर्ग शाखेने आपल्याच कुळात मुली देण्याघेण्याचा परिपाठ पिढ्यान् पिढ्या चालविला. राजा चौथा फिलिप याच्या मुलासाठी त्याची भाची मारियाना योजिली होती. मुलगा १६४६ साली वारला. तेव्हा १६४९ साली बापानेच तिच्याशी लग्न केले. ती चौदा वर्षांची, आणि नवरा सख्खा मामा! आपल्या दक्षिणेतही काही ज्ञातींत मामा-भाचीचा विवाह रूढ आहे. परंतु येथे आधीच्या कित्येक पिढ्या तशाच गुंतलेल्या होत्या. यांचा पुत्र दुसरा कार्लोस जन्मापासून दुर्बल आणि व्याधिग्रस्त होता. दोन लग्ने होऊनही १७०० साली तो निपुत्रिक वारला. आणि त्याच्या गादीसाठी १७०१ पासून १७१४ पर्यंत अर्ध्या युरोपात युद्ध पेटले. रक्त शुद्ध राखावयास गेले आणि रक्तच आटून गेले.

सोयरिकींनी वैर मिटते, असेही म्हणतात. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म हे दोघेही व्हिक्टोरिया राणीचे नातू होते. रशियाची सम्राज्ञी तिचीच नात होती. आजी एक असली म्हणून तोफा थांबल्या नाहीत.

यावर आपण म्हणाल, ‘ते साहेबांचे झाले, आपले काय?’ म्हणून आता घरी येऊ. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई भोसल्यांच्या घरी दिली गेली. दोन मातब्बर घराणी जोडली गेली. परंतु १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर सासरे लखुजी मोगलांकडे आणि जावई शहाजीराजे निजामशाहीकडे, असे परस्परांसमोर उभे होते. १६२९ साली निजामशहाने लखुजींना त्यांच्या पुत्रांसह दौलताबादेत दगा देऊन मारविले. माहेर एका दिवसात पुसले गेले. पुढल्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, त्या माउलीच्या पोटी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. सासर आणि माहेर यांच्या मधल्या दरीत उभे राहून जिने एवढा पुत्र घडविला, तिच्या मनाची थोरवी निराळी सांगावयास नको.

महाराजांचे स्वतःचे विवाह आठ झाले, असे मानले जाते. निंबाळकर, मोहिते, पालकर, विचारे, जाधव, शिर्के, इंगळे, गायकवाड अशी राण्यांची माहेरे. नुसती नावे वाचली तरी कळते की हा केवळ संसार नव्हता, ही राज्याची बांधणी होती. देशमुखी घराणी वतनाला धरून आपापल्या मुलखात स्वतंत्र वृत्तीने राहात. त्यांना स्वराज्याशी जोडण्याचा एक मार्ग तलवारीचा आणि दुसरा सोयरिकीचा होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने सहा लग्ने केली, हे आपण वाचतो. त्यांच्या धर्माप्रमाणे एका वेळी एकच पत्नी. म्हणून नवी आणावयाची तर जुनी दूर व्हावयास हवी. दोन राण्यांचा त्याने शिरच्छेद करविला. आपल्याकडे बहुपत्नीकत्वाची रूढी होती. त्यामुळे राणी आणण्यासाठी राणी मारावी लागली नाही. तथापि एवढ्यावर आपण समाधान मानू नये. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी निवर्तले, आणि त्यानंतर थोरले संभाजीराजे व धाकटे राजाराम यांच्या वारसाहक्कावरून गडावर जो कलह माजला, त्याचे मूळ या रूढीतच होते.

या आठांतील पहिल्या सईबाई, फलटणच्या नाईक निंबाळकरांची कन्या. त्यांचे जीवन आपल्या या मुलखाशी जोडलेले आहे. भोर आणि वेल्हे हा राजगडाचा परिसर. आणि राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी. १६४० च्या सुमारास अगदी बालवयात लग्न झाले. सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तीन मुली झाल्या. आणि १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. पण आईची प्रकृती ढासळली आणि मुलाला दूध पुरेना. तेव्हा ज्या बाईने युवराजाला आपले दूध पाजले, ती धाराऊ गाडे आपल्या याच भोर तालुक्यातील कापूरहोळची. युरोपातील राजवाड्यांत राणीने स्वतःच्या मुलाला पाजणे कमीपणाचे मानीत, म्हणून दाई ठेवीत. येथे कमीपणाचा प्रश्न नव्हता, येथे आईची असाहाय्यता होती. आणि एका शेतकरी घरातील स्त्रीने ती निवारली. ज्या कापूरहोळावरून आपण एसटीने किंवा आपल्या वाहनाने इतक्या सहज पुढे जातो, तेथे छत्रपतींची दूधआई राहात होती, याचे आपल्या मुलांना स्मरण करून देत चला.

५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडावर निवर्तल्या. वय पंचविशीच्या आसपास. मुलगा सव्वादोन वर्षांचा. अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता ते हे दिवस. पुढे दोन महिन्यांनी प्रतापगडाची भेट झाली. प्रतापगडाचा पोवाडा आपल्या सर्वांस पाठ आहे. त्याच पावसाळ्यात राजगडावर एक घर रिकामे झाले होते, ते मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

सईबाईंच्या माहेरचीच आणखी एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगण्यासारखी आहे. त्यांचे बंधू बजाजी नाईक निंबाळकर विजापूरच्या दरबारी मुसलमान झाले होते. पुढे त्यांना परत स्वधर्मात घेण्यात आले. परंतु विधी उरकला म्हणून समाज जवळ करतोच असे नाही; पान मांडले तरी शेजारी बसणारा हवा. महाराजांनी आपली थोरली कन्या सखूबाई बजाजींचे पुत्र महादजी यांना दिली. राजानेच मुलगी दिल्यावर कोणाची जीभ उचलणार? बहिष्कार घालण्याचे काम ज्ञातींनी पुष्कळ केले. सोयरिकीने तो मोडता येतो, हे त्या एका लग्नाने दाखविले.

तशीच एक सोयरीक शृंगारपूरच्या शिर्क्यांशी झाली, आणि ती साटेलोट्याची होती. पिलाजीराव शिर्क्यांची कन्या येसूबाई संभाजीराजांना केली, आणि महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली. पुढे शिर्के आणि छत्रपती यांचे वितुष्ट आले. अशा वेळी दोन्ही घरांतल्या मुलींची कोंडी कशी होत असेल, हे साटेलोटे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. १६८९ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाने संभाजीराजांचा वध करविला. रायगडास वेढा पडला. येसूबाईंचा पुत्र शाहू अवघ्या सात वर्षांचा, गादी त्याची. परंतु येसूबाईंनी पुत्राचा हक्क पुढे न करता दीर राजारामांना राज्य सांभाळण्यास गडाबाहेर काढले आणि स्वतः मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला. मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहूराजे १७०७ साली सुटले. येसूबाई महाराष्ट्रात परतल्या त्या १७१९ साली. तीस वर्षे! युरोपच्या इतिहासात पुत्राच्या गादीसाठी झटलेल्या राण्या पुष्कळ आहेत; राज्य टिकावे म्हणून पुत्राची गादी मागे ठेवणारी राणी मला तरी तेथे सापडली नाही.

राजकन्येला विचारले गेले नाही, हे झाले. पण एका मराठी राजकन्येने, न विचारता, आपले मत कळविले, तेही ऐका. बडोद्याचे सयाजीराव महाराज सुधारक म्हणून विख्यात. १९०४ साली त्यांनी आपल्या संस्थानात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यांची कन्या इंदिराराजे यांची सोयरीक ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरली. दोन्ही घराणी मराठी, दोन्ही तोलामोलाची. शिंद्यांची एक राणी आधीच होती, एवढेच. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजांनी स्वतः शिंद्यांना पत्र लिहून हे लग्न आपणास करावयाचे नाही असे कळविले. मोठा गहजब झाला. सुधारक पित्यालाही ते रुचले नाही. अखेर १९१३ साली लंडनमध्ये त्यांनी कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी विवाह केला. त्यास आईवडील उपस्थित राहिले नाहीत.

ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात हे उदाहरण दिल्याने काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मी कोणाला मुलीने ज्ञाती सोडावी असे सांगावयास उभा नाही. एवढेच सांगतो की, सयाजीरावांसारख्या द्रष्ट्या पुरुषालाही, सर्व प्रजेच्या मुलींसाठी कायदा करणे सोपे गेले आणि आपल्या एका मुलीचे ‘नको’ ऐकणे कठीण गेले. मग आपण तर साधी माणसे. आपली परीक्षाही तेथेच आहे.

कायद्याने त्याचे काम केले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसऱ्या बायकोची रूढी संपविली. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरविला. १९७८ पासून मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस ठरले. तरीही बैठकीत आकडा निघतो, फक्त त्यास मानपान म्हणतात. मोटार, दागिना, कार्यालयाचा खर्च असे त्याचे वेश बदलतात. साखरेची पोती पाठविणारे पोर्तुगीज आणि आपण यांत अंतर ते काय?

आता थोडे घरचे सांगून संपवितो. माझ्या आजीचे लग्न साटेलोट्याचे होते. तिच्या भावाचे लग्न जमेना, म्हणून तिला देऊन सून घेतली. त्या घरी भांडण झाले की या घरी आजीला बोलणी बसत. तिकडची सून माहेरी आली की इकडे आजीची पाठवणी होई. ती हे सर्व हसत सांगे. आम्हीही हसत ऐकत असू. मागल्या वर्षी या स्मरणिकेसाठी आमच्या घराण्याची वंशावळ तयार करावयास बसलो. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, सर्व नावे मिळाली. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे राहिले. आजीचे नाव कोठे लिहावे, यास त्या कागदावर जागाच नव्हती. म्हटले, निदान बाजूला लिहू. सासरचे नाव ठाऊक होते; माहेरचे काय? घरात विचारले, भावकीत विचारले. कोणासही सांगता येईना. जिच्या मांडीवर वाढलो, तिला तिच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली हे मला ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा मार्ग उरला नाही.

तेव्हा राजांच्या राण्यांविषयी मी ज्या तक्रारी केल्या, त्या माझ्याच दारी येऊन ठेपल्या. महाराजांच्या आठ राण्यांपैकी कित्येकींचे नाव आणि माहेर यांखेरीज फारसे काही आपल्या हाती नाही, असे म्हणून मी इतिहासकारांना दोष देत होतो. माझ्या घरी तेवढेही नव्हते.

म्हणून अध्यक्षमहाराज, माझ्या दोन नम्र विनंत्या आहेत. पहिली ही की, आपल्या संस्थेच्या वधूवर नोंदवहीत मुलीची माहिती पालक भरतात, त्याखाली एक रकाना वाढवावा आणि तो मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. तिला काय हवे आणि काय नको, हे तीच लिहील. दुसरी ही की, पुढील स्मरणिकेत ज्या वंशावळी छापल्या जातील, त्यांत प्रत्येक सुनेचे माहेरच्या नावासह आणि प्रत्येक लेकीचे तिच्या सासरसह नाव असावे. ज्यांच्या घरी आजी, पणजी हयात आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांचे पहिले नाव विचारून घ्यावे. उद्यावर टाकू नये; मी टाकले होते.

राजांच्या सोयरिकींनी राज्ये जोडली आणि मोडली. आपल्या सोयरिकींनी घरे जुळतात. राज्य कोणाचे टिकले नाही. घरे टिकावीत अशी आपली इच्छा असेल, तर ज्यांच्या आधारावर ती उभी आहेत त्यांना विचारून ती उभी करू या.